इसबगोल, दुधीचा रस आणि आपली भूक

भूक आणि वजन कमी करायच्या घरगुती उपायांबद्दल तुम्ही चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले प्रश्न मी वाचले. इसबगोल किती घ्यावा, दुधीचा रस रोज चालेल का, व्हिनेगरनं भूक खरंच कमी होते का. सगळ्यांमागे समजूत एकच आहे: घरातली वस्तू आहे, तिनं काय अपाय होणार? पण जी वस्तू शरीरावर खरोखर काम करते तिला प्रमाण आणि पथ्य लागतंच, मग ती मसाल्याच्या डब्यातून काढलेली असो की औषधाच्या दुकानातून आणलेली.

इसबगोल आपल्या माळव्यातलाच, नीमच-मंदसौरकडे पिकतो. त्याचं साल पाणी शोषून फुगतं, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं. हे खरंच होतं, पण धोकाही त्या फुगण्यातच आहे. चमचाभर कोरडं तोंडात टाकून वर दोन घोट पाणी प्यायलात, तर ते अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतं. मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वरून आणखी पाणी घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांचं आतडं कुठे अरुंद झालंय, त्यांनी घेऊच नये. शिवाय त्यानं औषधं नीट शोषली जात नाहीत. थायरॉइडची, हृदयाची, साखरेची गोळी चालू असेल तर मध्ये दोन तासांचं अंतर हवं. एवढं पाळणाऱ्याला मी नको म्हणणार नाही, फक्त त्यानं वजन भराभर उतरेल अशी आशा धरू नका.

दुधीच्या रसाची मात्र मला खरी काळजी वाटते. दुधी, म्हणजे इथल्या ठेल्यावरची लौकी, काकडीच्या कुळातली. या कुळात कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष असतं. एरवी ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात खूप वाढतं आणि बाहेरून काही कळत नाही. भाजी कडू लागली तर आपण पहिल्या घासाला ताट बाजूला सारतो. रस मात्र आपण श्वास रोखून गटागटा पितो, त्यात आवळा नाहीतर कारलं घातलं की कडूपणा लपतो, आणि कडू म्हणजे गुणकारी असं मनात पक्कं बसलेलं असतं. मग उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं. आपल्या देशात माणसं यानं गेली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं नेमलेल्या तज्ज्ञांनीही बजावलं आहे: आधी तुकडा चाखा, कडू लागला तर दुधी फेकून द्या, रसात दुसरा रस मिसळू नका. यावर उतारा नाही. त्रास सुरू झाला की थेट हॉस्पिटल गाठायचं. मला विचाराल तर दुधीची भाजी खा.

व्हिनेगर नुसतं प्यायलं तर दातांचं आवरण झिजतं आणि घसा भाजतो. जुन्या मधुमेहात पोट आधीच हळू रिकामं होऊ शकतं, व्हिनेगरनं ते आणखी मंदावतं. त्यानं वजन उतरतं असं सांगणारा लेबनॉनमधला 2024 चा अभ्यास खूप गाजला. पुढच्याच वर्षी तो मागे घेतला गेला, कारण त्यातली आकडेमोड टिकली नाही. मेथ्या आणि इन्सुलिन एकत्र आले तर साखर घसरू शकते. गरोदरपणी मेथीची भाजी चालेल, चूर्ण नको. बाजारातल्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असतं, चमचे-चमचे रोज घेतली तर यकृताला बाधू शकतं.

आणि 'शंभर टक्के हर्बल' म्हणून कुणी बिनलेबलची पुडी दिली, तर ती घेऊच नका. अशा पुड्यांमध्ये सिब्युट्रामिन सापडलेलं आहे. हृदयाला धोका म्हणून 2010 साली अमेरिका-युरोपातून काढून टाकलेलं औषध आहे ते.

मग भुकेचं करायचं काय? सकाळी पोह्यांबरोबर जिलेबीऐवजी मोडाची उसळ घ्या, आपल्या इंदूरात उसळ-पोहे काही नवे नाहीत. प्रथिनं आणि चोथा पोटात असला की दुपारपर्यंत तग धरता येतो. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जरूर जा, पण महिन्यातून एकदा. रात्री बारा-एकला खाऊन सकाळी लवकर उठलं की झोप कमी पडते, आणि कमी झोपेनं घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक वाढतं. 1999 मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं.

शेवटची चिठ्ठी एका आईची आहे. मुलगी कॉलेजात आहे, जेवण टाळते, सारखं वजन बघते, पाळी थांबली आहे, तिला भूक कमी करायला काय द्यावं. ताई, तिला यातलं काहीही देऊ नका. तिची भूक कमी करायची नाहीये, तिला जेवतं करायचं आहे. याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या, आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव निघालं तर घाबरू नका.