एक-आठ ते एक-एक : मारियाम्पोलेच्या सूदुवाची वाटचाल

मंडळी, लिथुआनियात खेळ म्हटलं की आधी बास्केटबॉल. जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस लाख लोकवस्तीचा देश, पण १९९२, १९९६ आणि २००० अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये त्यांनी बास्केटबॉलचं कांस्यपदक पटकावलं. पैसा, पोरं, टीव्हीचे कॅमेरे, सगळं तिकडे. फुटबॉलच्या वाट्याला जे उरतं त्यातलं बरंचसं विल्नियस आणि कौनास ही दोन मोठी शहरं घेऊन जातात. अशा देशात पस्तीस हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावाचा क्लब सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेता ठरतो, तेव्हा त्याची दखल घ्यायलाच हवी. या क्लबाचं नाव सूदुवा, आणि गाव मारियाम्पोले.

कौनासहून पोलंडच्या सीमेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शेशुपे नदीच्या काठी हे गाव वसलंय. बाहेरच्यांना ते माहीत आहे ते जुन्या मोटारींच्या प्रचंड बाजारामुळे. सोव्हिएत राजवटीने १९५५ साली गावाचं नाव पुसलं आणि काप्सुकास या कम्युनिस्ट पुढाऱ्याचं नाव दिलं. ते १९८९ पर्यंत टिकलं. क्लबाची स्थापना १९६८ ची, म्हणजे या नामांतराच्या काळातली. गाव काप्सुकास, पण संघ मात्र सूदुवा, त्या मुलखाच्या प्राचीन नावाचा. हा मला मोलाचा तपशील वाटतो. जुनं नाव गावाच्या पाटीवर नसलं तरी सामन्याच्या दिवशी हजारो लोक मोकळ्या गळ्याने मुलखाचं नाव घेऊ शकत होते.

स्वातंत्र्यानंतरचं पहिलं दशक मी भराभर मागे टाकतो, कारण त्या काळात सांगण्याजोगं यश फारसं नाही. खरी सुरुवात २००२ मध्ये झाली. त्या वर्षी युएफा चषकाच्या, म्हणजे युरोपीय क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या, पात्रता फेरीत सूदुवाने नॉर्वेच्या ब्रानला बाहेर काढलं. पुढची गाठ पडली ग्लासगोच्या सेल्टिकशी. सेल्टिक त्या मोसमात थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला, यावरून त्यांची ताकद ओळखा. ग्लासगोत सूदुवा १-८ असा हरला. हेन्रिक लार्सनने हॅटट्रिक केली. सूदुवाचा एकुलता एक गोल सामना संपता संपता तोमास राद्झिनेविचुसने केला. या सामन्याचा विषय निघाला की लोक आठ गोल मोजतात. मी म्हणतो, ब्रानवरचा विजय मोजा. पगारापासून मैदानापर्यंत सगळ्यात वरचढ असलेल्या नॉर्वेच्या क्लबाला या गावाने घरी पाठवलं होतं.

पुढे २००६ मध्ये लिथुआनियन चषक आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २००८ मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं. सहा हजारांच्या थोड्या वर आसनं, आणि नाव मिळालं पाठीराख्या आर्वी उद्योगसमूहाचं. खत, साखर, टर्की पक्ष्यांचं मांस असा या समूहाचा कारभार. साखर कारखाना आणि गावचं मैदान यांचं नातं या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको! त्याच सप्टेंबरात लिथुआनियाच्या राष्ट्रीय संघाने इथे ऑस्ट्रियाला विश्वचषक पात्रता सामन्यात २-० हरवलं. राजधानीऐवजी मारियाम्पोलेत राष्ट्रीय सामना, हे आधी कुणाला पटलं नसतं.

स्टेडियमजवळच छताखालचं बंदिस्त फुटबॉल मैदानही बांधलं गेलं, आणि माझ्या मते सूदुवाच्या यशाचं अर्धं श्रेय त्याला आहे. बाल्टिक हिवाळ्यात जमीन दगडासारखी कडक होते. लिथुआनियन लीग त्यामुळे वसंतात सुरू होऊन शरदाच्या शेवटी आटोपते. मार्चमध्ये इतर संघ बर्फ वितळायची वाट पाहतात, तेव्हा या गावातली पोरं आत खेळत असतात. शिवाय जुलैत युरोपीय पात्रता फेऱ्या सुरू होतात तेव्हा पश्चिमेकडचे मोठे क्लब नुकते सुट्टीवरून परतलेले असतात, आणि लिथुआनियन संघ ऐन मोसमात, चांगले तापलेले. छोट्या क्लबाला मोठ्याला गाठायची संधी मिळते ती याच खिडकीतून.

व्लादिमिर चेबुरिन यांच्या प्रशिक्षणाखाली २०१७, २०१८ आणि २०१९ ही तिन्ही विजेतेपदं सूदुवाकडे आली. त्यातला २०१८ चा उन्हाळा जवळून पाहण्यासारखा आहे. चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या पहिल्या पात्रता फेरीत समोर आला सायप्रसचा अपोएल. हा संघ आदल्याच मोसमात गटसाखळीत, म्हणजे पात्रता फेऱ्यांनंतरच्या मुख्य स्पर्धेत, रेआल माद्रिदशी खेळला होता. मारियाम्पोलेत सूदुवाने त्यांना ३-१ हरवलं, सायप्रसमध्ये ०-१ असा पराभव पत्करला आणि एकूण ३-२ ने पुढे सरकला. पुढच्या फेरीत बेलग्रेडच्या रेड स्टारने त्यांना रोखलं, तरी नियमाप्रमाणे युरोपा लीगचं, म्हणजे पूर्वीच्या युएफा चषकाचं, दार उघडं होतं. तिथे शेवटच्या पात्रता फेरीत पुन्हा सेल्टिक!

२३ ऑगस्ट २०१८. तिसऱ्याच मिनिटाला सेल्टिकच्या ओलिव्हिए एन्चामने गोल केला. ज्यांना २००२ आठवत होतं त्यांच्या पोटात नक्कीच गोळा आला असेल. पण दहा मिनिटांत ओविदियुस वेर्बित्स्कासने बरोबरी साधली, आणि पुढे शेवटपर्यंत १-१ हाच गुणफलक राहिला. परतीच्या सामन्यात सेल्टिक ३-० जिंकला, हे खरं. पण सोळा वर्षांत १-८ पासून १-१ पर्यंतचं अंतर या गावाने कापलं होतं.

या सगळ्याची किंमत कळायची तर शेजारी पाहावं लागतं. पानेवेझिसच्या एक्रानासने २००८ ते २०१२ सलग पाच विजेतेपदं घेतली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पैशाअभावी तो कोसळला. पाक्रुओयिस या इवल्याशा गावाचा क्रुओया २०१४ मध्ये लीगमध्ये दुसरा आला आणि पुढच्याच वर्षी मोसमाच्या मध्यात लीगमधून बाहेर पडला. पाठीराखा हात आखडता घेतो तेव्हा असे क्लब एका हंगामात भुईसपाट होतात. सूदुवाही पाठीराख्यावर विसंबून होताच. फरक इतकाच, की त्याच्यासाठी आलेल्या पैशातला काही भाग सिमेंट, छत आणि गवतात गेला, आणि त्या गोष्टी खेळाडूंसारख्या दुसरीकडे निघून जात नाहीत.

युरोपा लीगच्या गटसाखळीचं दार मात्र उघडलं नाही. २०१७ मध्ये शेवटच्या फेरीत बल्गेरियाचा लुदोगोरेत्स आडवा आला, २०१८ मध्ये सेल्टिक, २०१९ मध्ये हंगेरीचा फेरेन्त्स्वारोश. तीन वर्षं, तिन्ही वेळा एकच पायरी कमी पडली. युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचणारा पहिला लिथुआनियन क्लब ठरला राजधानीचा झाल्गिरिस, २०२२ मध्ये, कॉन्फरन्स लीग या तिसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत. त्या यशाचं कौतुक व्हायलाच हवं. पण युरोपात देशाचं मानांकन गेल्या पाच मोसमांतल्या सगळ्या क्लबांच्या गुणांवर ठरतं, आणि लिथुआनियाच्या खात्यात त्या तीन उन्हाळ्यांत भर घालणाऱ्यांत मारियाम्पोलेचा वाटा मोठा होता.