रंगांचा धडा पुन्हा पुन्हा
(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘परदेशात स्वयंसेवी इंग्रजी शिक्षिका : एक अनुभव’. संयोजकांचे आभार, पण अनुभव म्हटलं की लोक फोटो मागतात आणि मी फोटो आणलेले नाहीत. दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे त्यांच्या आईवडलांना न विचारता पडद्यावर दाखवायचे नाहीत, असा माझा नियम आहे. देशाचं नावही सांगणार नाही. सांगितलं की प्रश्नोत्तरांत सगळे प्रश्न तिथल्या हवेवर आणि व्हिसावर येतात. मला बोलायचंय एका वहीबद्दल. वहीपर्यंत पोचू सावकाश, पाऊण तास आहे म्हणतात.

तुमच्यापैकी काहीजण असं शिकवायला जायच्या विचारात आहेत, म्हणून आधी दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी वर्गात पाऊल टाकलं की साठ मुलं धाडकन उभी राहतात. तुम्ही ‘हाउ आर यू’ म्हणता आणि एका सुरात उत्तर येतं, ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?’ ज्याला ताप आहे तोही फाइन. काल पडून ज्याचा हात गळ्यात बांधलाय तोही फाइन. (हशा) वेगवेगळ्या खंडांत शिकवून आलेल्या लोकांना मी विचारलंय, सगळ्यांनी हेच वाक्य, याच चालीत ऐकलंय. त्या वाक्याची आता हुकमी टिंगल होते, पण मला त्यात मुलांचा शहाणपणा दिसतो. साठजणांच्या वर्गात एकट्याने उभं राहून चुकण्यापेक्षा सुरात सूर मिसळणं किती सुरक्षित! तुम्ही आम्हीही सभागृहात तेच करतो.

नवा स्वयंसेवक मात्र पहिल्याच दिवशी ठरवतो, हे मोडायचं. बाकं सरकवायची, मुलांना गोलात बसवायचं, चेंडू फेकायचा, ज्याच्या हातात चेंडू त्याने बोलायचं. बाकं सरकल्याचा आवाज शेजारच्या वर्गात जातो. मग गणिताचे सर दारात येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत, नुसते उभे राहतात. त्या उभं राहण्याला कुठल्याही भाषेत एकच अर्थ असतो.

दुपारी शिक्षकांची खोली. तिथे सगळे आपापल्या भाषेत हसत असतात आणि तुम्ही कशाला हसताहेत ते न कळता हसता. संध्याकाळी तुम्ही गावाचे अर्जनवीस होता. कुणाच्या भाच्याचा नोकरीचा अर्ज, कुणाच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, कुणाच्या पंपाबरोबर आलेलं माहितीपत्रक. खरं सांगू? शाळेतल्या तासापेक्षा त्या पंपाच्या कागदाने जास्त इंग्रजी शिकवलं असेल, कारण पंप चालू व्हायला हवा होता. ज्या घरी राहायचे, तिथल्या बाईंना माझं इंग्रजी नको होतं आणि मला त्यांची भाषा येत नव्हती. आम्ही खाणाखुणांवर बरं निभावलं. मला सर्दी झाली की अर्ध्या तासात गल्लीला कळायचं. रविवार मात्र फार मोठा असतो. त्याची तयारी करून जा.

तयारीवरून आठवलं. केंब्रिजचं ‘सेल्टा’ नावाचं प्रमाणपत्र आहे, इंग्रजी शिकवणाऱ्यांत त्याला मान आहे. किमान १२० तासांचा अभ्यासक्रम, आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवण्याचे तास सहा. सहाच! तेही बहुधा मोठ्या माणसांच्या छोट्या गटापुढे. हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. नुसत्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत तर एकही जिवंत विद्यार्थी न बघता ‘१२० तास’ पूर्ण होऊ शकतात. आणि एवढ्या शिदोरीवर आपण वीस वर्षं तोच वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला बाजूला बसवतो.

आता माझी खरी तक्रार. रंग.

ज्या संस्थेने मला पाठवलं तिची एक मार्गदर्शक पुस्तिका होती. नाव घेत नाही, चांगली माणसं आहेत, अजून दिवाळीला शुभेच्छा पाठवतात. त्या पुस्तिकेत पहिल्या आठवड्यात रंग, मग प्राणी, मग शरीराचे अवयव, तेही गाण्यातून, नाक-कान पकडत. मी रंगांची कार्डं घेऊन वर्गात गेले. लाल कार्ड वर केलं. वर्गाने ‘रेड’ म्हटलं. निळं वर करण्याआधीच वर्गाने ‘ब्लू’ म्हटलं. कार्ड अजून पिशवीत होतं! मला वाटलं, काय हुशार मुलं. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने शांतपणे हिरवं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. म्हणजे आता मी ‘वर्गात हिरवं काय आहे’ असं विचारायचं होतं. तिला माझा पुढचा पाठही तोंडपाठ होता.

या मुलांचे रंग शिकून झाले होते. माझ्या आधीच्या पाहुण्याकडून, त्याच्या आधीच्याकडून, त्याच्याही आधीच्याकडून. प्रत्येक जण काही महिन्यांसाठी यायचा, शून्यापासून सुरू करायचा, अवयवांच्या गाण्यापर्यंत पोचायचा आणि निरोप समारंभात रडून विमानात बसायचा. मुलंही रडायची, प्रामाणिकपणे. पुढच्या महिन्यात नवा माणूस, पिशवीतून लाल कार्ड. इंद्रधनुष्याचे सातही रंग तोंडपाठ आणि ‘काल मी शाळेत आलो नाही कारण...’ हे वाक्य कुणालाच जुळवता येत नाही, असा तो वर्ग होता. वर्षअखेरीला त्यांची परीक्षा असायची व्याकरणाची आणि भाषांतराची. त्यात रंगांवर प्रश्न नसतो हो.

कुणाचा दोष? मुलांचा नाही, स्वयंसेवकाचाही फारसा नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. संस्था दर तुकडीला नव्याने प्रशिक्षण देते, पण मागच्या माणसाने कुठे थांबवलं हे पुढच्याला कळवण्याची सोय नाही. आपल्याकडे साधा पोस्टमन बदलला तरी जुना त्याला एक फेरी दाखवतो.

तिथल्या इंग्रजीच्या बाई मागच्या बाकावर बसून हे सगळं बघत असायच्या. मितभाषी. इंग्रजी बोलायला बिचकायच्या, व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. परीक्षेच्या दिवसांत आम्ही दोघी एका खोलीत पर्यवेक्षणाला होतो, आणि वेळ जावा म्हणून त्यांनी कपाटातून एक जाड वही काढून मला दाखवली. त्यांच्या लिपीत, बारीक अक्षरांत. मला वाचता येईना, त्यांनी बोट ठेवून सांगितलं : हे पाहुण्याचं नाव, ही आल्याची तारीख, ही गेल्याची, हे काय काय शिकवलं. प्रत्येक पानावर पहिली ओळ एकच होती. रंग. पुढे कंसात कोणत्या मुलांना काय जमलं, कुणाचा उच्चार कुठे अडतो, कोणता खेळ फसला आणि का. वर्षानुवर्षांची नोंद! मी विचारलं, हे तुम्ही कुणाला दाखवलंत? त्या म्हणाल्या, कुणी मागितलं नाही.

आणि ही चिठ्ठी आली, ‘पाच मिनिटे’. बघा, बोलायचं होतं ते आताच सुरू होतंय. भरभर सांगते.

मुद्दा एक. स्वयंसेवकाचं काम मुलांना शिकवणं हे दुय्यम आहे. मुलं पुढच्या वर्गात जातात, स्वयंसेवक विमानात जातो, राहतात त्या बाई. त्यांच्याशी रोज अर्धा तास इंग्रजीत बोललात आणि त्यांची भीड चेपली, तर त्या निवृत्त होईपर्यंतच्या प्रत्येक वर्गाला ते पोचतं. म्हणून वर्गात दोघांनी उभं राहायचं. व्याकरण आणि परीक्षा त्यांची, संभाषण तुमचं, बाकं सरकवायची की नाही हा निर्णय त्यांचा. गणिताच्या सरांना त्या ओळखतात.

हे काही मी शोधलेलं नाही. पीस कोअर ही परदेशांत स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकन सरकारची संस्था १९६१ साली स्थापन झाली. तिची पहिली तुकडी ३० ऑगस्ट १९६१ला घानात अक्राला उतरली, ते शिक्षकच होते. या संस्थेत सेवेचा काळ साधारण २७ महिन्यांचा, त्यातले पहिले तीन महिने प्रशिक्षणाचे, स्थानिक भाषेसकट. तिची उद्दिष्टं तीन, आणि त्यातली दोन एकमेकांना समजून घेण्याबद्दल आहेत, प्रत्यक्ष कामाबद्दल एकच. उलट बाजूही ऐका. १९६८ साली मेक्सिकोत इव्हान इलिच या विचारवंतांनी अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितलं की बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. का नाही, ते सांगायला आता वेळ नाही.

मुद्दा दोन, वही. मार्च २०२०मध्ये, कोविडच्या साथीत, पीस कोअरने साठहून अधिक देशांतले आपले सुमारे ७,००० स्वयंसेवक काही दिवसांत परत बोलावले. संस्थेच्या इतिहासात असं सगळ्यांना एकदम कधी बोलावलं नव्हतं. अनेकांना निरोपही घेता आला नाही. पुन्हा माणसं जायला २०२२ उजाडलं. अशा वेळी स्वयंसेवकाच्या लॅपटॉपमधली टिपणं लॅपटॉपबरोबर जातात. म्हणून वही कागदाची, तिथल्या शिक्षकांच्या भाषेत, त्यांच्याच हातची, त्यांच्याच कपाटात. आठवड्याला एक पान. काय झालं, कुणाला जमलं, काय फसलं, पुढच्याने कुठून सुरू करायचं. वाचायला तुम्हाला त्यांची मदत लागेल. लागू द्या, तेवढंच बोलणं होईल.

जाणाऱ्यांनी संस्थेला दोन प्रश्न आधी विचारा. माझ्या आधी त्या शाळेत कोण होतं आणि त्याने काय शिकवलं? आणि तिथले शिक्षक माझ्या वर्गात असतील की नाही? उत्तरादाखल फोटो आले तर दुसरी संस्था बघा. काही महिन्यांचीच सुट्टी असेल तर वर्ग घेऊच नका. बाईंच्या मदतीला बसा, वह्या तपासा, त्यांना सुटीच्या दिवशी इंग्रजीत बोलायला कुणीतरी हवं असतं.

दुसरी चिठ्ठी आली. थांबते. प्रश्न असतील तर पुढे येऊन विचारा, पण देश कोणता, हे मात्र विचारू नका.