मोटर का जळते? गोव्यातल्या आरसी गाड्या

(दृश्य: भात कापलेलं शेत, दूर फुटबॉल चाललाय, जवळ एक छोटी बग्गी धूळ उडवत वळते)

नोव्हेंबरात बार्देश-पेडण्याकडची शेतं कापून मोकळी झाली, जमीन टणक झाली, की पोरं गोल रोवतात आणि एका कोपऱ्यात ह्या गाड्या पण येतात. रिमोटवरच्या, पण खेळण्याच्या दुकानातल्या नव्हेत, प्रत्येक पार्ट सुटा बदलता येतो अशा हॉबीच्या आरसी कार. आणि कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून थोड्या वेळात तो वास येतोच, जळक्या वार्निशचा.

मग आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, मोटर फालतू होती, मोठी टाक. आम्हाला हे पटत नाही. बहुतेक वेळा मोटर जळते ती भारानं, आणि तो भार तसाच ठेवून मोठी मोटर बसवली तर ती पण जळते आणि जाताना ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, सोबत घेऊन जाते.

(दृश्य: उघडलेली मोटर, आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, जवळून)

ही 540 साइजची ब्रश मोटर, 36 मिलिमीटर जाडीची. आत तांब्याची तार, तारेवर वार्निशचा पातळ थर, भोवती मॅग्नेट, मागे दोन कार्बन ब्रश. मोकळी फिरवली तर 7.2 व्होल्टवर दोन-अडीच अँपिअर घेते, गाडी नीट पळताना दहा-पंधरा, आणि चाक अडकून मोटर थांबली पण बोट रिमोटच्या ट्रिगरवरच आहे, तर साधी 540 सुद्धा 60-70 अँपिअरपर्यंत ओढते. कारण फिरणारी मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करत असते, तेच करंटला अडवून धरतं, मोटर थांबली की ते शून्य आणि अडवायला उरतो फक्त तारेचा रेझिस्टन्स, तो तर अगदीच थोडा. त्यात करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून गाडी दगडात अडकली तर ट्रिगर सोडा आणि चालत जाऊन उचला. दोन-चार सेकंद जोर लावून बघण्यातच वार्निश जातं.

आता आपल्या जागा बघा. मिरामार, मोरजी, संध्याकाळी गाडी वाळूत सोडायचा मोह होतोच. कोरड्या वाळूत चाक रुततं, म्हणजे भार. ओल्या कडक वाळूवर मोटरला सोपं जातं पण खारं पाणी बेअरिंग गंजवतं. आणि वाळूतले काळे कण, साधं चुंबक फिरवून बघा, चिकटतात, मग मोटरमध्ये तर चुंबकच बसवलेलं आहे, हवेच्या भोकातून आत गेलेले कण तिथेच राहतात. सड्यावरची लाल माती पण तशीच घुसते. किनाऱ्यावरून घरी आल्यावर बॅटरी काढून, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून, सुकवून, बुशिंगला, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या साध्या कडीला, तेलाचा एक थेंब, हे त्याच दिवशी करायचं, दुसऱ्या रविवारी नाही.

(दृश्य: पिनियन आणि स्पर गिअर)

पण खरी गोष्ट गिअरिंगची आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्याकडे हात-मान हलवणारे नरकासुराचे पुतळे करतात ना, त्यात बरेच जण गाडीच्या वायपरची मोटर वापरतात. ती छोटी मोटर एवढा मोठा हात उचलते कारण तिच्या तोंडाला वेग कमी करून ताकद वाढवणारा वर्म गिअर आहे. ज्या पोरांनी नरकासुर हलवलाय त्यांना हे हाताला माहीत असतं, तेच इथे लावायचं. समजा स्पर, म्हणजे चाकांकडचा मोठा गिअर, 86 दातांचा आणि मोटरवरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, 23 चा, तर मोटर पावणेचार वेळा फिरते तेव्हा स्पर एकदा. पिनियन 19 चा टाकला की साडेचार वेळा, मोटरवरचा भार सुमारे 17 टक्क्यांनी कमी. टॉप स्पीड थोडा जातो, पण शेतात किंवा गवतात तो तसाही मिळत नव्हता. मोठे टायर घातले की हेच उलटं होतं, 65 मिलिमीटरची चाकं काढून 80 ची लावली तर भार जवळजवळ पाव हिश्शानं वाढतो, आणि हे कुणी सांगत नाही, टायर सुंदर दिसतात म्हणून लावले जातात. पिनियन हा सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, एक दात लहान, एक दात मोठा असे दोन-तीन मागवून ठेवा. बसवताना दोन गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी घालून आवळा, मग पट्टी काढा, गॅप बरोबर राहते.

तापमान मोजायचंच. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण कोविडच्या वेळी घेतलेला कपाळाचा नको, तो 43 अंशांच्या आसपास थांबतो. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर कमी आकडा दाखवतो म्हणून मोटरवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. बाहेरून 70 च्या पुढे गेलं की थांबा. 80 म्हणजे आत त्याहून बरंच जास्त आहे. मे महिन्यात हवाच 33-34 असते, घामट, मग बॉडीला मागून भोक आणि मोटरवर छोटा फॅन हवाच.

एवढं करून पण वेग हवा असेल तर अपग्रेड करा, खुशाल करा, मजा त्यातच आहे. ब्रश मोटरमध्ये टर्न, म्हणजे तारेचे वेढे, कमी म्हणजे वेग जास्त आणि करंट पण जास्त, 27 टर्नवरून थेट 15 वर जाताना ईएससीची टर्न लिमिट आधी वाचा. नवी ब्रश मोटर आधी 2-3 व्होल्टवर मोकळी फिरवा, कार्बनला कम्युटेटरचा, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या भागाचा, गोल आकार येईपर्यंत. ब्रशलेसला जायचं तर मोटर, ईएससी दोन्ही बदलतात. 3650 साइज म्हणजे 36 मिलिमीटर व्यास, 50 लांबी. केव्ही म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला फेरे, 3300 केव्ही टू-एसच्या, म्हणजे दोन सेलच्या बॅटरीच्या, 7.4 व्होल्टवर साधारण 24 हजार, थ्री-एसच्या 11.1 वर 36 हजारांच्या वर. ब्रश नाहीत म्हणजे जळत नाही असं मात्र समजू नका, मॅग्नेट फार तापला की कमजोर होतो, मग तेवढ्याच ताकदीसाठी जास्त करंट, त्यानं अजून ताप. आणि ही ताकद प्लॅस्टिकच्या डिफ गिअरवर, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर, येते, तो आधी बदला, बुशिंगच्या जागी बॉल बेअरिंग घाला.

(दृश्य: नवी मोटर बसवलेली गाडी शेतात)

पहिली फेरी सगळ्यात लहान पिनियनवर, दोन-तीन मिनिटं. टेपवर मोजा. 55-60 च्या आत असेल तर पूर्ण पॅक चालवा, परत मोजा, आणि मगच पिनियनचा एक दात वाढवा.