कातळातली मयूरशिखा

[पाटणादेवीचे कडे, मे अखेर]

चाळीसगाव तालुक्यात, गौताळा औट्रम घाट अभयारण्याच्या या भागात बेसॉल्टचा कातळ दुपारी हात टेकवू देत नाही. या फटीत पाहा. करड्या, मिटलेल्या काड्यांचा झुपका. वाळकं गवत समजून कुणीही पुढे जाईल. पण हा नेचा आहे आणि जिवंत आहे.

[तीच फट, पावसानंतर]

पाणी मिळालं की पाती उलगडतात, हिरवी होतात. दोऱ्याएवढा देठ आणि वर अरुंद पट्ट्यांचा पंखा. ही मयूरशिखा, ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिआटा. उंची जेमतेम वीतभर. पातं उलटं केलं की कडा आत मुडपलेल्या दिसतात. त्या दुमडीखाली बीजाणू असतात.

[गच्ची, ताईंचे हात]

फटीतून उपटून कुंडीत लावलेली मयूरशिखा सहसा जगत नाही. मुळं कातळातच तुटतात, आणि काळी माती ओल सोडत नाही. "पानी जास्त व्हयनं का ते सडी जास," ताई सांगतात. म्हणून ताई बीजाणूंपासून रोपं करतात. झुपक्यातलं एकच पिकलं पातं कागदाच्या घडीत ठेवायचं. कागदावर तपकिरी भुकटी पडते. विटेचा तुकडा आधी पाण्यात उकळायचा, नाहीतर बुरशी आणि शेवाळ पुढे जातं. मग वीट उथळ पाण्यात उभी करायची, भुकटी भुरभुरायची, वर काच ठेवायची.

काही आठवड्यांनी विटेवर हिरवा थर दिसतो. जवळून पाहिलं तर नखाहून लहान, हृदयाच्या आकाराच्या चकत्या. नवं रोप यांच्यावरच धरतं. बहुतेक नेच्यांत नरपेशी पाण्यातून पोहतच अंडपेशीपर्यंत पोचते, म्हणून बारीक फवारा चुकवून चालत नाही.

खरी अडचण पुढे आहे. इवली पाती आली, की ओलाव्यात वाढलेल्या या रोपांना कोरड्याची सवय लावायची. काच रोज थोडी सरकवायची. मुरूम, विटेचा चुरा, चिमूटभर पालापाचोळ्याचं खत, आणि पाणी हात राखून. बरीच रोपं इथेच जातात.

[जुनी भिंत, ताजं सिमेंट]

औषधासाठी मयूरशिखा मुळासकट ओरबाडली जाते, आणि जुन्या भिंतींच्या डागडुजीत तिच्या फटी बुजतात.

[ट्रेमधली रोपं]

ही रोपं पावसाळ्यात गावच्या जुन्या दगडी विहिरीच्या सांध्यांत लावायची आहेत. विहीर साफ करताना तेवढे सांधे सोडा, असं ताईंनी गावात सांगून ठेवलं आहे.