भाडेकरूची चौकशी सगळे करतात, खोलीची कोण करतं?

मंडळी नमस्कार. पुढं आपल्या सांगलीतले विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता, कुपवाडकडचे घरमालक बसलेत आणि मागं वालचंद-विलिंग्डन कॉलेजची पोरंपोरी, मिरजेहून नर्सिंगच्या मुली पण आल्यात. बरं झालं, कारण आजचं बोलणं दोघांशी मिळून आहे.

खोली भाड्यानं देताना आपल्याकडं काय काय विचारतात बघा. आधारकार्ड, दोन फोटो, गाव कुठलं, वडील काय करतात, नोकरी पक्की का कॉन्ट्रॅक्टची, पोलीस स्टेशनला माहिती द्यायची ती वेगळी, आणि काहीजण जात पण विचारतात, ते मात्र बंदच झालं पाहिजे. आपल्या घरात कोण येतंय हे बघावं, त्यात चूक काही नाही. पण खोली घेणाऱ्यानं कधी विचारलंय का, की ही इमारत पास आहे का, भोगवटा म्हणजे राहायला वापरायचा दाखला मिळालाय का, वायरिंग कधी बदललं, बाथरूमला हवा कुठून येते? माणसाची चौकशी होते तशी खोलीची पण झाली पाहिजे, आणि ती तुम्हा दोघांनाच करायला लागणार, दुसरं कोणी येऊन करेल अशी सोयच आपल्याकडं नाही.

कशी नाही ते सांगतो. बांधकाम करायचं म्हटलं की नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात जातो. मुंबई सोडली तर जवळजवळ सगळ्या राज्याला आता २०२० ची एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर म्हणतात तिला, त्यात साइड मार्जिन म्हणजे बाजूला सोडायची मोकळी जागा, उंची, जिन्याची रुंदी, पार्किंग सगळं ठरलेलं. परवाना मिळतो, मग जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी, आणि सगळं झालं की भोगवटा प्रमाणपत्र. हा भोगवटा म्हणजे नकाशा हातात धरून सरकारी माणूस तुमचं घर बघतो ती शेवटची वेळ. पुढं महापालिका कायद्यात कलम २६५अ आहे, इमारत ३० वर्षांची झाली की स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेऊन तसा दाखला द्यायचा. म्हणजे मधल्या ३० वर्षांत तीच खोली कितीजणांना भाड्यानं गेली तरी, ती राहण्यालायक आहे का हे नेमानं बघायला कोणी येत नाही.

न्यूयॉर्क शहरात काय करतात, तर भाडेकरू ३११ नंबरला फोन लावतो, महापालिकेचा इन्स्पेक्टर घरात येऊन बघतो आणि दोषाला ए, बी, सी असा वर्ग लावतो. सी म्हणजे जिवाला धोका, तो साधारण २४ तासात दुरुस्त करायचा, बी ला ३० दिवस, ए ला ९०. तिथंही घरमालक टाळाटाळ करतात, पण तक्रार कुठं करायची हे लहान पोराला पण माहीत असतं. आपल्याकडं भाडेकरू तक्रार करायला निघाला की पहिला प्रश्न येतो, "मग खोली सोडायची का?"

आता मालकमंडळींचं नेहमीचं उत्तर, अहो घरपट्टी भरतोय की, लाइटचं मीटर आहे की. दोन्हीचा परवान्याशी काही संबंध नाही. बेकायदा बांधकामालाही घरपट्टी लागते, ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. आपल्या सांगलीत तर गुंठेवारीचा प्रश्न केवढा मोठा, परवानगीशिवाय गुंठा-गुंठा प्लॉट पाडून वसाहती झाल्या, गोरगरिबांनी आयुष्याची पुंजी घातली तिथं. ती बांधकामं नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. मी या लोकांच्या बाजूचा आहे, त्यांना पाडापाडीची भीती घालणं मला पटत नाही. पण नियमित करून घ्यायची संधी असताना ती घेत नाही आणि वर मजल्यावर मजला चढवून खोल्या भाड्यानं देतोय, हे बरोबर नाही, त्या खोलीत दुसऱ्याचं पोर झोपणार आहे.

सगळ्यात जास्त राग येतो तो पार्किंगमधल्या खोल्यांचा. नकाशात पार्किंग दाखवायचं, भोगवटा मिळाला की विटा लावून बंद करायचं आणि चार पोरं ठेवायची. राहत्या खोलीला निदान साडेनऊ चौरस मीटर जागा, २.४ मीटर रुंदी, पावणेतीन मीटर म्हणजे नऊ फूट उंची लागते, हे राष्ट्रीय बिल्डिंग कोडमध्ये आहे, आणि पार्किंगच्या छताला पंखा लावला की डोक्याला लागतो. शिवाय वापर बदलला तर परवानगी नव्यानं घ्यावी लागते, १९६६ चा नगररचना कायदा वापरातल्या बदलालाही विकासच मानतो.

आणि आपण कृष्णाकाठचे. आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत घरात शिरलं. नकाशावर निळी रेषा असते, साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत नवीन बांधकामाला बंदी. लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मध्ये घर असेल तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. मग त्याच पट्ट्यात जमिनीलगत पार्किंगमध्ये खोली काढणाऱ्यानं काय विचार केला असेल?

गावभागात एका तळमजल्याच्या खोलीत नवा रंग होता, ऑइलपेंटचा वास जात नव्हता, सगळं चकाचक. स्विचबोर्डचे दोन स्क्रू काढले तर आत बारीक वाळका गाळ, तारांच्या जोडांवर हिरवट गंज, आणि अर्थिंगची तार बोर्डात येऊन मोकळीच सोडलेली, कुठंच जोडलेली नाही. अशा बोर्डाला कूलर किंवा पाणी तापवायची कॉइल लावली की काय होईल ते सांगायला नको. पूर येऊन गेलेल्या घरात रंगाआधी वायरिंग बदला, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा, बोर्ड वर उचलून घ्या. दहा हजाराचा रंग द्यायला पैसे असतात तर यालाही निघतात.

मुलामुलींनो, तुम्हाला एक गोष्ट कळकळीनं सांगतो, बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर ती खोली घेऊ नका, मालकाला तो बाहेर काढायला लावा. ज्योत हवा खाते, बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, चक्कर येते आणि माणूस तिथंच पडतो, दाराला आतून कडी. आणि थंडी येते म्हणून व्हेंटिलेटरला प्लायवूड ठोकलेलं मी कितीतरी ठिकाणी बघितलंय. ते आजच्या आज काढा, मालकानं ठोकलेलं असो नाहीतर तुम्ही.

कायदा तुमच्या बाजूनं काय देतो ते ऐका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४, घर चांगल्या अवस्थेत ठेवणं मालकाचं काम. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. कलम २९, पाणी, लाइट, जिन्यातला दिवा, लिफ्ट कारणाशिवाय तोडता येत नाही. आणि मालकांसाठी कलम ५५, करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे आणि ती जबाबदारी तुमची आहे, अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोटरीवर भागतं हा समज चुकीचा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. शहरात नोंदणी फी १००० रुपये, घरबसल्या ऑनलाइन होते.

मग करायचं काय, तर त्याच कराराला एक जादा पान जोडायचं. भोगवट्याची झेरॉक्स, वायरिंग कधी केलं, अर्थिंग आणि आरसीसीबी आहे का, गीझर कुठं बसवलाय, टाकी कधी धुतली, जिना मोकळा आहे का, आधी पाणी आलं होतं का आणि किती फूट, आणि दोघांच्या सह्या. किल्ली द्यायच्या दिवशी दोघांनी एकत्र फिरून मोबाइलवर फोटो काढायचे, एकमेकांना पाठवायचे. अर्धा तास लागतो. पानाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, जाताना घेऊन जा, आणि आता कोणाला काही विचारायचं असेल तर बोला, पहिले मागच्या रांगेतल्या मुलींनी हात वर केलाय.