ट्रिस्ट्रम गावची गिटार

नमस्कार श्रोतेहो.

आज एका जुन्या कॉम्प्युटर गेमबद्दल बोलणार आहे. गेम म्हणजे स्क्रीनवर बघायची गोष्ट, आणि इथे तर स्क्रीनच नाही. तरीही ‘डायब्लो’बद्दल बोलायचं तर रेडिओवरच, असं माझ्या मनात फार दिवस होतं. कारण हा खेळ डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त खेळला जातो.

विंडोज ९५ चा तो जमाना. १९९६ संपून १९९७ उजाडता उजाडता हा खेळ अमेरिकेत बाजारात आला. मी तो पहिल्यांदा खेळलो मावसभावाच्या घरी, रात्री सगळे झोपल्यावर. त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि म्हणाला, “आधी नुसतं ऐक.”

गिटार वाजत होती. १२ तारांची, संथ, जरा उदास. संगीतकार मॅट उल्मेन. ही धून ट्रिस्ट्रम नावाच्या गावाची. गावचा राजा लिओरिक वेडा झाला, राजपुत्राला पळवून नेलं आणि जुन्या देवळाखालच्या भुयारात राक्षस जागे झाले. मागे उरली ती मोजकी माणसं. ग्रिसवोल्ड लोहार, पेपिन वैद्य, कारंज्याजवळ उभा राहणारा म्हातारा केन. आणि लाकडी पायाचा पोरगा, विर्ट. राक्षसांनी त्याला ओढून नेलं होतं, ग्रिसवोल्डने सोडवून आणलं, पाय मात्र गेला. आता हाच विर्ट आपल्याकडची वस्तू नुसती दाखवायचे ५० मोहरा घेतो. पहिल्यांदा राग येतो. त्याची हकीकत कळली की मुकाट्याने पैसे काढून देतो आपण.

या गावात धावता येत नाही. नदीपलीकडे एड्रिया चेटकिणीची झोपडी आहे, तिथपर्यंत पावलापावलाने चालतच जावं लागतं. अनेकांना याचा कंटाळा यायचा. मला वाटतं, त्या चालण्यातच गाव आपलं होत जातं. गिटार वाजत असते आणि आपण चालत असतो.

मग देवळाची पायरी उतरायची. गिटार बंद!

खाली १६ मजले. आधी देऊळ, मग दफनाची भुयारं, मग गुहा, शेवटी नरक. दर नव्या खेळात भिंती आणि वाटा कॉम्प्युटर नव्याने मांडतो, त्यामुळे कालची ओळखीची वाट आज कामाची नाही. अंधारात दिसतं थोडंच, ऐकू मात्र खूप येतं. दाराची करकर, सांगाड्याची हाडं विखुरल्याचा आवाज. आणि राक्षस मेल्यावर फरशीवर ‘टिंग’ असा बारीक आवाज आला, की समजायचं अंगठी पडली. ती नजरेला पडायच्या आधी कानाला कळलेली असते. दुसऱ्या मजल्यावर कधीकधी एक बंद खोली लागते, आत रक्तच रक्त. दार उघडलं की ‘खाटीक’ नावाच्या राक्षसाचा घोगरा आवाज येतो. त्या रात्री मी माऊस सोडून हात मागे घेतला होता.

गंमत म्हणजे हा खेळ असा होणारच नव्हता. डेव्हिड ब्रेविक आणि त्याच्या साथीदारांनी तो बुद्धिबळासारखा आखला होता, एक चाल तुमची, एक राक्षसाची. खेळ बाजारात आणणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीचं म्हणणं पडलं, खेळ न थांबता चालू द्या. ब्रेविकचा विरोध होता. मत घेतलं तर त्याचीच माणसं दुसऱ्या बाजूला! मग एका दुपारी तो बदल करायला बसला आणि काही तासांत काम झालं. त्याने सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि एका घावात सांगाडा कोसळला. ब्रेविक तिथेच पटला. हाती घेतलेलं स्वतःचं मत असं खाली ठेवता येणं, याचं मला त्या खेळाइतकंच कौतुक वाटतं.

आजच्या कॉम्प्युटरवरही हा खेळ चालतो, २०१९ पासून तो पुन्हा रीतसर विकत मिळतो. खेळलात तर हेडफोन लावून खेळा. कधीतरी आठव्या-नवव्या मजल्यावर तुम्ही घेरले जाल, औषधाच्या बाटल्या संपलेल्या असतील. तेव्हा गावी परतायचा मंत्र वापरा. समोर निळं दार उघडेल. त्यात शिरा, आणि लगेच लोहाराकडे पळू नका. केनजवळ थोडं उभं राहा. गिटार पुन्हा सुरू झालेली असेल.