ढाल कुणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

आडनाव सांगितलं की त्या आडनावाची ढाल, म्हणजे ढालीवरचं मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स), छापलेला चहाचा मग हातात ठेवणारी दुकानं इंग्लंडमध्ये आहेत. तो मग खुशाल घ्या, चहाला बरा पडतो. ढालीवर मात्र हक्क सांगू नका. इंग्लंडमध्ये आडनावाला ढाल नसतेच. ती एका माणसाला मिळते आणि पुढे पुरुषवंशाने उतरते. मुलीलाही वडिलांची ढाल वापरता येते, पण भाऊ असतील तर तिच्या मुलांकडे ती जात नाही. पाटील आडनाव आहे म्हणून कुठल्याही पाटलाच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढत नाही, तसंच हे.

कोट ऑफ आर्म्सला मराठीत आपण ‘कुलचिन्ह’ म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कुळाचं असतं ते देवक. ज्यांचं देवक कळंब, त्यांच्या प्रत्येक घरच्या लग्नात कळंबाची डहाळी येते, कुणाला विचारावं लागत नाही. ढालीमागे सहीशिक्क्याची सनद लागते.

ही सनद देतं लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स. स्थापना 1484 सालची, तिसऱ्या रिचर्डच्या काळातली. नावात कॉलेज असलं तरी विद्यार्थी एकही नाही, अधिकारी तेरा. त्यांतल्या एकाला गाठून आपलं शिक्षण, व्यवसाय, समाजकार्य यांची माहिती द्यायची. मग कॉलेजवर देखरेख असलेले अर्ल मार्शल, म्हणजे नॉरफोकचे ड्यूक, यांच्या नावे अर्ज आणि शुल्क. त्यांची संमती आली की चित्राचा विचार सुरू होतो. ब्रिटिश नागरिक असलेला मराठी डॉक्टरही असा अर्ज करू शकतो.

चित्र ठरवताना दोन गोष्टींवर अडतं. पहिली रंगांची. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको. निळ्या ढालीवर लाल सिंह काढला तर पन्नास पावलांवरून तो दिसेनासा होतो, आणि ढाल तर रणात दुरून ओळखू यावी म्हणूनच रंगवत असत. दुसरी अडचण सारखेपणाची. 1385 च्या स्कॉटलंड मोहिमेत स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन सरदारांच्या ढाली एकच निघाल्या: निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा. खटला काही वर्षं चालला, कवी चॉसरनेही साक्ष दिली. न्यायालयाने ढाल स्क्रोपची ठरवली, पण ग्रोव्हनरला तीच ढाल रुपेरी काठ लावून वापरायची मुभा दिली होती. 1390 मध्ये राजाने तीही काढून घेतली. म्हणून आज नवी ढाल आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात, मगच चर्मपत्रावर हाताने रंगवतात.

सनदेत खरं वजन शब्दांतल्या वर्णनाला असतं. सिंहाची शेपटी कशी वळवायची ते चित्रकाराने ठरवावं. सिंह कुठल्या रंगाचा, कसा उभा, हे वर्णनाने. त्यात ‘उजवी’ बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, पाहणाऱ्याची डावी. नक्कल करणारे हमखास इथेच चुकतात.

परवानगीवाचून वापरली तर? मँचेस्टरच्या एका नाट्यगृहाने शहराची ढाल रंगमंचावर आणि स्वतःच्या शिक्क्यावर लावली. नगरपालिकेने दावा केला. त्यासाठी ढालींचे वाद ऐकणारं, दोनशेहून अधिक वर्षं बंद पडलेलं शौर्य न्यायालय (कोर्ट ऑफ शिव्हलरी) 1954 मध्ये पुन्हा भरलं आणि नगरपालिका जिंकली. इंग्लंडमध्ये ते त्यानंतर बसलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये ढालींचा मुख्य अधिकारी असलेल्या लॉर्ड लायनचं न्यायालय मात्र चालू आहे, आणि तिथला नियमही कडक: एक ढाल एका वेळी एकाच माणसाची. धाकट्या भावाला काठ किंवा खूण जोडून ती स्वतःच्या नावे नोंदवावी लागते.

मुंबईकरांच्या ओळखीची ढाल म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय यांची. 1857 मध्ये ते बॅरोनेट झाले, म्हणजे त्यांना वंशपरंपरेने चालणारा ‘सर’ किताब मिळाला. त्यांच्या निळ्या ढालीवर सह्याद्रीच्या घाटांमागून उगवणारा सूर्य आहे आणि वर दोन उडत्या मधमाश्या. ढालीच्या वर, माथ्यावर, एक मोर आहे. माथ्यावरच्या अशा चिन्हासाठी इंग्रजी शब्द आहे क्रेस्ट. लोक सगळ्या चिन्हालाच क्रेस्ट म्हणतात, पण इथे क्रेस्ट म्हणजे फक्त तो माथ्यावरचा मोर.